शेवटचे वीस फूट : घरात चित्र कसे आले, याचा इतिहास

दादर, गिरगाव, विलेपार्ले किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या चाळीस-पन्नास वर्षे जुन्या इमारतीची गच्ची नीट पाहिली, तर पाण्याच्या टाकीच्या आसपास इतिहासाचे थर उघड्यावर पडलेले दिसतात. सर्वांत जुना थर म्हणजे गंजलेल्या लोखंडी पाइपवर तिरकी लटकणारी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना. तिची चपटी वायर कधीच तुटलेली असते आणि आडव्या नळीवर कावळा बसलेला असतो. तिच्या शेजारी काळ्या जाड केबलची भेंडोळी आणि पत्र्याच्या डबीतला अ‍ॅम्प्लिफायर. मग कठड्याला बोल्टने ठोकलेल्या, आग्नेयेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या लहान डिश. त्यांवरून गेलेली करड्या किंवा निळ्या रंगाची इंटरनेटची वायर आणि प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला स्विच. आणि या सगळ्यांवर, पटकन नजरेतही न भरणारी, सुतळीहून बारीक अशी फायबरची काळी तार. नवी तार टाकायला येणारा माणूस जुनी काढायला येत नाही, म्हणून हे थर टिकले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला इतकी सोय क्वचितच मिळत असेल.

या थरांचा इतिहास बहुधा प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: काळे-पांढरे गेले, रंगीत आले, एकाचे शंभर चॅनेल झाले, मग हवे तेव्हा हवे ते. हे सगळे खरे आहे. पण याच काळात आणखी एक गोष्ट हळूहळू घडत गेली आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. चित्र बिघडण्याची जागा सरकत गेली. आधी ती मनोऱ्यावर होती, मग गच्चीवर आली, मग गल्लीत उतरली आणि आज ती दिवाणखान्याच्या भिंतीत येऊन बसली आहे. बिघाडाची जागा सरकली, तशी तो निस्तरण्याची जबाबदारीही सरकली. आज मध्यमवर्गीय घरात ‘वायफाय नीट करून घ्यायचंय’ हे वाक्य ‘गळती काढून घ्यायचीय’ इतक्याच सहजपणे बोलले जाते. त्यामागे पन्नास वर्षांचा प्रवास आहे.

मुंबईत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला ते दिसू लागले. प्रक्षेपणाची मूळ कल्पना साधी आणि उदार होती. एका ठिकाणाहून लहरी सोडायच्या, ज्याला पकडता येतील त्याने पकडायच्या. पाहणारी घरे शंभर असोत की पाच लाख, मनोऱ्यावरचा भार तेवढाच. नव्याने संच घेणाऱ्यामुळे जुन्याचे चित्र मंद होत नसे. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

लहरी पकडण्याचे काम मात्र घराचे होते. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये मांडलेल्या रचनेची अँटेना आपल्या गच्च्यांवर चढली. व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यातल्या लहरींची लांबी पाच-सहा मीटर असते आणि अँटेनाची मुख्य नळी तिच्या साधारण निम्मी लागते. म्हणून त्या अँटेना एवढ्या अवाढव्य होत्या. त्या दिशेला फार हट्टी होत्या. एक जण गच्चीवर पाइप फिरवतोय, दुसरा जिन्यात उभा, तिसरा संचासमोर, आणि ‘आलं का?’, ‘थोडं डावीकडे!’, ‘गेलं, गेलं, परत फिरव!’ अशी आरोळ्यांची साखळी. हा प्रसंग सत्तरीतल्या जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या आठवणीत असेल. वारा सुटला, घार बसली, समोर नवी इमारत उभी राहिली, की पडद्यावर मुंग्या येत किंवा प्रत्येक माणसाला शेजारी एक फिकट जुळा भाऊ फुटे. नव्या इमारतीवरून परावर्तित झालेली लहर क्षणभर उशिरा पोहोचे, त्याचे ते चित्र. मुंबईत बांधकाम वाढत गेले तसे हे जुळे वाढत गेले.

संच बाळगायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. रेडिओला होती तशीच ही पद्धत, आणि ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. म्हणजे चित्र सरकारचे, लहरी सरकारच्या, आणि पाहण्याची परवानगीही सरकारची. त्याच्या मोबदल्यात एक गोष्ट होती. प्रक्षेपण केंद्रात काही बिनसले, की पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. या पाटीची आपण भरपूर टिंगल केली. पण ‘चूक आमच्याकडे आहे, तुमचा संच ठीक आहे’ एवढे तरी ती पाटी कबूल करत असे. घरातला माणूस निवांत चहा टाकायला उठू शके.

शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट पाहायला चाळीतला एक संच सगळ्या मजल्याला पुरत असे. दारात, खिडकीत, कॉटखाली मुले बसत. या सामूहिक पाहण्याबद्दल आपल्याकडे बरेच हळवे लिहून झाले आहे. त्यात मी भर घालत नाही. संच असलेल्या घरातल्या बाईला दर रविवारी संध्याकाळी तीस माणसांच्या उठबशीचा किती त्रास होत असेल, हेही त्या लिखाणात क्वचितच येते.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच सुमारास व्हीसीआरही घरांत येऊ लागले. व्हीसीआर महाग होता. एकट्याने घेण्यापेक्षा एका घरात तो ठेवून जिन्यातून वायर टाकून सगळ्या मजल्यांना चित्र दाखवले, तर खर्च निघतो, हे कुणा हिशेबी माणसाच्या लक्षात आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या उंच इमारतींत अशा जोडण्या सुरू झाल्या. उंच इमारतींतच का, याचे उत्तर भूमितीत आहे: थोड्याशा वायरमध्ये जास्तीत जास्त घरे. बैठ्या वाड्यांच्या गावात तेवढ्याच घरांसाठी कितीतरी पट वायर लागली असती. भारतातल्या केबल टीव्हीचा जन्म असा जिन्यात झाला. त्यात उपग्रहाचा काही संबंध नव्हता.

उपग्रह आला १९९१ मध्ये, आणि त्याची कथा चमत्कारिक आहे. ‘वेस्टार ६’ नावाचा अमेरिकी उपग्रह फेब्रुवारी १९८४ मध्ये अवकाशयानातून सोडला गेला, पण चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अंतराळवीरांनी तो अवकाशातून अक्षरशः पकडून परत आणला. डागडुजी करून तोच उपग्रह एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणावरून ‘एशियासॅट १’ या नावाने पुन्हा वर गेला. हाँगकाँगच्या ‘स्टार टीव्ही’ने त्याच्यावरून आशियाभर चित्रे सोडली, आणि २ ऑक्टोबर १९९२ ला, मुंबई दूरदर्शनच्या विसाव्या वाढदिवशीच, ‘झी टीव्ही’ही त्याच उपग्रहावरून सुरू झाला. एकदा टाकून दिलेल्या, दुरुस्त केलेल्या मालावर आपल्या खासगी दूरचित्रवाणीचा पाया उभा आहे, हे मला आवडते.

जानेवारी १९९१ मधल्या आखाती युद्धाने तहान लावून ठेवली होती. डिश लावलेल्या हॉटेलांत लोक युद्ध ‘लाइव्ह’ पाहून आले. जिन्यात वायर टाकलेल्या हिशेबी माणसाने आता गच्चीवर बारा-सोळा फुटी डिश बसवली आणि वायर जिन्यातून बाहेर काढून रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीवर फेकली. हा झाला केबलवाला.

०००

केबलवाल्याची प्रतिमा आपल्या नाटक-सिनेमांनी एक तर गुंडाची केली, नाही तर विनोदी पात्राची. ती पुरती न्याय्य नाही. एखाद्या गाळ्यात किंवा जिन्याखालच्या खोलीत चार-सहा रिसीव्हर, एक व्हीसीआर, दोन मॉनिटर आणि एक भिंतीवरचा पंखा, हा त्याचा ‘कंट्रोल रूम’. सामान जुळवायचे, वायर ओढायची, जोड मारायचे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार पैसे गोळा करायचे आणि सामना ऐन रंगात असताना तक्रारी ऐकायच्या, हे सगळे तोच करी. तंत्रशिक्षण बहुधा नसे. पण केबलच्या अंतराबरोबर सिग्नल क्षीण होतो, तो वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर लावला की त्याबरोबर खरखरही वाढते, आणि म्हणून एका ओळीत किती अ‍ॅम्प्लिफायर लावायचे याला मर्यादा असते, हे त्याला हाताने कळलेले असे. ओळीच्या शेवटच्या घराला मुंग्या का दिसतात, याचे उत्तर त्याच्या केबलच्या लांबीत होते.

या अ‍ॅम्प्लिफायरना वीज लागे. ती अनेक ठिकाणी वाटेतल्या एखाद्या घरातून किंवा दुकानातून घेतली जाई आणि मोबदल्यात त्या घराला केबल फुकट मिळे. त्यामुळे भारनियमनाच्या काळात विचित्र स्थिती होई. तुमच्या घरात वीज असे, संच चालू असे, पण मधल्या गल्लीत अंधार, म्हणून पडदा कोरा. बिघाड आता गल्लीत होता. तो कुणाचा, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. त्याचे दुकान कोपऱ्यावरच होते. त्याला हाक मारता येत होती, त्याच्याशी भांडता येत होते, पैसे अडवता येत होते. रात्री साडेनऊला तो कोणता पिक्चर लावणार, यावर त्याची लोकप्रियता ठरे. गल्लीतला गणपती, शाळेचे संमेलन, नगरसेवकाच्या शुभेच्छा, हरवलेला कुत्रा, हे सगळे त्याच्या ‘लोकल’ चॅनेलवर येई.

राज्य या सगळ्यामागून लंगडत आले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्याच वर्षी केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा झाला. केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची? मुख्य पोस्ट कार्यालयात. रेडिओचा परवाना जिथे मिळे, टीव्हीची फी जिथे भरली जाई, त्याच खिडकीवर उपग्रहाचा व्यवसायही येऊन उभा राहिला. शतक संपता संपता ‘अल्फा मराठी’ (१९९९) आणि ‘ई टीव्ही मराठी’ (२०००) आले, तेव्हा त्यांना घरोघर नेणारी वायर आधीच तयार होती.

या वायरचा एक दोष प्रसारकांना सलत होता. मनोऱ्याप्रमाणेच ती मुकी होती. तिच्या टोकाला किती घरे आहेत, हे केबलवाला सांगेल तेवढेच कळायचे, आणि तो कमीच सांगे. म्हणून सेट टॉप बॉक्स आला. मुंबईच्या ठरावीक भागात २००६ च्या अखेरीला, संपूर्ण मुंबईत ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीने, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत मार्च २०१३ च्या मुदतीने. दरम्यान थेट घरावर बसणाऱ्या लहान डिशही आल्या होत्या. डबा घरात आल्यावर चित्र स्वच्छ झाले, चॅनेल वाढले, यावर त्या वेळी खूप लिहिले गेले. खरा बदल दुसरा होता: प्रत्येक डब्याला क्रमांक होता. आजवर चित्र घराला ओळखत नव्हते, आता ओळखू लागले.

०००

दुसरा धागा याच सुमारास टेलिफोनच्या तारेवरून येत होता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेमची किरकिर, फोन अडकून पडणे, आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत थबकत हलणारे चित्र. १९९७ मध्ये आलेला ‘रिअलव्हिडिओ’ ज्यांनी पाहिला, त्यांना ती चौकट आठवत असेल. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणाने ‘ब्रॉडबँड’ची व्याख्या केली, ती होती सेकंदाला २५६ किलोबिट. आजच्या सर्वसाधारण हाय डेफिनिशन चित्राला पाच मेगाबिट लागतात असे धरले, तर दोन तासांचा चित्रपट त्या ब्रॉडबँडवरून उतरवायला सुमारे ३९ तास लागले असते. धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पत्रे होती, फायली होत्या; चित्रपट नव्हता.

टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून येणारे ब्रॉडबँड एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर अवलंबून असे आणि पावसात जोडात पाणी शिरले की गुडघे टेकी. त्याला पर्याय म्हणून पुन्हा केबलवालाच धावून आला. गच्चीवरून गच्चीवर त्याने इंटरनेटची वायर टाकली. या वायरीची मर्यादा शंभर मीटर. म्हणून दर एक-दोन इमारतींनंतर एक स्विच, प्लास्टिकच्या पेटीत. जूनच्या पहिल्या वळवात वीज कडाडली, की त्या पेट्यांतले स्विच जळत आणि आख्खी आळी दोन दिवस बंद पडे. पण संख्या वाढत गेली. ‘यूट्यूब’ची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. ‘हॉटस्टार’ २०१५ मध्ये, ‘नेटफ्लिक्स’ जानेवारी २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ‘जिओ’ सुरू झाल्यावर हातातल्या फोनवरचा डेटा इतका स्वस्त झाला की ‘डेटा पुरवून वापरणे’ हा शब्दप्रयोगच मागे पडला.

इथे जरा थांबून या नव्या पद्धतीचे यंत्र समजून घ्यायला हवे, कारण आपल्या घरातले सगळे प्रश्न तिथून सुरू होतात. मनोऱ्यावरून येणारे चित्र सर्वांना एकच असे. इंटरनेटवरून येणारे चित्र प्रत्येकाला वेगळे पाठवले जाते. एकाच इमारतीत वीस घरे तीच मालिका त्याच वेळी पाहत असतील, तर वीस प्रती येतात. हे परवडावे म्हणून कंपन्या लोकप्रिय चित्रपटांच्या प्रती इंटरनेट पुरवठादारांच्या जागेतच ठेवतात, म्हणजे लांबचा प्रवास वाचतो. चित्रपट काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा पाच-सहा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. तुमचा टीव्ही दर वेळी मागचा तुकडा किती वेगाने आला हे मोजतो आणि पुढचा कुठल्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. २००८ ते २०१२ या काळात ही पद्धत रुळली. तिच्यामुळे मुंग्या गेल्या. वाट अरुंद झाली तर चित्र धूसर होते, फारच अरुंद झाली तर ते गोल चक्र फिरू लागते.

हे चक्र कुणाच्याही वतीने बोलत नाही. चूक कंपनीच्या संगणकात आहे, समुद्राखालच्या केबलमध्ये आहे, गल्लीतल्या खांबावर आहे की तुमच्या कपाटामागे ठेवलेल्या राउटरमध्ये, यातले काहीही ते सांगत नाही. मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर पहिला सल्ला ठरलेला असतो: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. ‘व्यत्यय’ची पाटी आठवून पाहा. संशयाची दिशा किती बदलली!

मार्च २०२० मध्ये हे सगळे एकदम ताणले गेले. टाळेबंदीच्या दिवसांत देशातल्या प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर चित्राचा दर्जा ४८० रेषांपुरता मर्यादित ठेवण्याचे मान्य केले. त्याच आठवड्यात, २८ मार्चला, दूरदर्शनने १९८७ ची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवायला घेतली. एकीकडे नव्या वाटेवर गर्दी आवरता येईना, आणि दुसरीकडे जुन्या पद्धतीला प्रेक्षक वाढले म्हणून काडीचाही ताण पडत नव्हता. पहिल्या भागात केलेला मनोऱ्याचा हिशेब इथे पुन्हा खरा ठरला. मुलांची शाळा, मोठ्यांचे कार्यालय आणि आजीचे कीर्तन एकाच वायरवर आल्यावर घराघरांत लक्षात आले, की आपल्याकडे योजना शंभर मेगाबिटची आहे, पण शेवटच्या खोलीत तीनही पोहोचत नाहीत. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तर मुले सिग्नलसाठी टेकड्या चढत होती. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची सरकारी योजना २०११ पासूनची. पण पंचायतीच्या कार्यालयापासून वाडीवरच्या घरापर्यंतचे अंतर त्या योजनेत नव्हते.

०००

शहरात मात्र फायबर थेट उंबऱ्यापर्यंत आले. काचेची ही तार पाऊस, वीज, अंतर यांना सहसा दाद देत नाही. तीही वाटून घेतलेलीच असते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिटची एक तार बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागली जाते. चाळीच्या नळासारखेच, फक्त नळ फार मोठा आहे म्हणून भांडण होत नाही. पण एक गोष्ट या बदलात निसटली. तांब्याच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून येत असे, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालायचा. काचेतून वीज येत नाही. डबा आणि राउटर घरच्या विजेवर चालतात. म्हणून आज हार्डवेअरच्या दुकानात राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. एक्स्चेंजची बॅटरी आपण आपल्या पैशाने घरी आणली, ती अशी.

आणि मग उरतात शेवटचे वीस फूट. बसवायला आलेला मुलगा तार दारातून आणतो आणि दारालगतच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या युनिटमागे राउटर ठेवून जातो. त्याला दिवसात आणखी आठ घरे करायची असतात. तिथून पुढचे काम वायफायचे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये सर्वांसाठी विनापरवाना खुला झाला. परवान्यासाठी पोस्टात रांग लावणाऱ्या देशात आता प्रत्येक घर स्वतःचा छोटा मनोरा चालवू लागले, हे खरे तर क्रांतिकारकच होते. पण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. एखाद्या दाट वस्तीच्या इमारतीत पंचवीस-तीस राउटर या तीन वाहिन्यांवर आपापली पाळी येण्याची वाट पाहत असतात. वायफायचा नियमच तो, आधी ऐका, कुणी बोलत नसेल तरच बोला. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण त्याची लहर जेमतेम सहा सेंटिमीटरची. ती भिंतीपुढे लगेच हार मानते.

भिंत कसली, यावर सारे अवलंबून. जांभ्या दगडाचे कोकणातले घर, वाड्याची दीड हाताची भिंत, सळ्यांनी भरलेला आरसीसी खांब, या सगळ्यांचा स्वभाव वेगळा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, हे तर उघड शत्रू. यातून एक गंमत निर्माण झाली आहे. दहा बाय बाराच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला राउटरचा प्रश्न पडतच नाही, सगळे घर त्याच्या नजरेसमोर असते. तीन शयनगृहांच्या फ्लॅटवाल्याला मात्र तीन-तीन यंत्रांचे ‘मेश’ घ्यावे लागते. मोठ्या घराला शिक्षा करणारी तंत्रज्ञाने आपल्या इतिहासात फार नाहीत.

चित्र अडखळू लागले की लोक आधी योजना वाढवतात. शंभराची तीनशे करतात. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. सर्वांत उत्तम दर्जाच्या म्हणजे फोरके चित्रालाही पंधरा ते पंचवीस मेगाबिट पुरतात. अडचण भिंतीत असेल, तर दाराशी तीनशे आले काय आणि हजार आले काय. तपासायची रीत सोपी आहे: लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजावा, मग टीव्हीच्या जागी बसून वायफायवर मोजावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचे घर. त्यावरचा जुनाच उपाय अजून सर्वांत भरवशाचा आहे: जे हलत नाही, त्याला वायर. टीव्ही जागचा हलत नाही. त्याला कॅट सिक्सची वायर लावली की तो हवेतल्या रांगेतून बाहेर पडतो आणि फोन, लॅपटॉप यांना हवा मोकळी मिळते. बऱ्याच टीव्हींचे वायरचे छिद्र शंभर मेगाबिटच्याच मर्यादेचे असते, पण चित्रपटाला ते पुरून उरते. राउटर घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीला, कपाटाबाहेर ठेवणे हा दुसरा उपाय. तो फुकट आहे, आणि तो दिसायला वाईट म्हणून बहुतेक घरांत नामंजूर होतो.

एवढे करूनही चित्र कधी कधी धूसरच राहते, आणि त्यात वायरीचा दोष नसतो. टीव्ही, मधला डबा, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांना जोडणारी एचडीएमआय वायर, या साखळीतल्या प्रत्येक दुव्याने चोरीविरोधी परवलीचा शब्द बरोबर सांगावा लागतो. एखादा दुवा जुना निघाला, तर कंपनी उत्तम दर्जाचा तुकडा पाठवतच नाही. चांगल्या प्रकृतीचा पाच वर्षांचा ध्वनिसंच त्यामुळे निकामी ठरतो. व्हीएचएसच्या कॅसेटवर शेजाऱ्यांनी ‘चिमणराव’ टेप करून ठेवले असते, तर ते त्यांचे झाले असते. मांडणीत राहिले असते, बुरशी लागेपर्यंत. आज घरात यंत्रे आपली, वायर आपली, वीज आपली, आणि चित्र तेवढे उसने.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या वेळी ‘हॉटस्टार’वर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. एवढ्या प्रती एकाच वेळी पाठवता येणे हा अभियांत्रिकीचा पराक्रमच आहे. पण तुकडे जमवून दाखवण्याच्या पद्धतीमुळे असे चित्र मैदानापासून कित्येक सेकंद मागे असते, आणि प्रत्येक घरात वेगवेगळे मागे. केबल असलेल्या समोरच्या इमारतीतून आरोळी आधी येते. आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावायला सुरुवात करत असतो. गच्चीवर उभे राहून ‘आलं का?’ विचारणाऱ्या माणसाला निदान उत्तर सगळ्यांबरोबरच मिळत असे. दूरदर्शनची मनोऱ्यांवरून होणारी जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झाली. फुकट डिशवरून ते अजून कोट्यवधी घरांत दिसते, पण गच्चीवरच्या त्या नळ्यांना पकडायला आता हवेत काही उरलेले नाही.

त्या नळ्यांपासून निघालेली वायर मात्र अजून एका कामी येते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बांधलेल्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या आत टीव्हीसाठी आणि टेलिफोनसाठी बारीक पीव्हीसी पाइप टाकलेले असतात, आणि त्यांत ती मेलेली काळी केबल पडून असते. जाणता इलेक्ट्रिशियन भिंत फोडत नाही. तो दिवाणखान्यातले जुने टीव्हीचे बटण उघडतो, काळ्या केबलच्या टोकाला नवी निळी वायर चिकटपट्टीने घट्ट बांधतो, वर थोडे साबणाचे पाणी किंवा पावडर लावतो, आणि मदतनिसाला आतल्या खोलीत पाठवतो. मग एक जण ढकलतो, दुसरा ओढतो, आणि दोन खोल्यांमधून आवाज येतात: ‘येतेय का?’ ‘येतेय, हळू सोड.’ पाइपाच्या वळणावर, जिथे तीस वर्षांपूर्वी गवंड्याने सिमेंट सांडलेले असते, तिथे ती बहुधा अडकते.